हिरवी फांदी कापताना

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ४१.

भगवंत इथे अर्जुनाला सांगतात की ज्याचा निश्चय झालेला आहे त्याची बुद्धी एकच असते. ज्याचा निश्चय झालेला नाही त्याच्या बुद्धीला मात्र फांद्यांवर फांद्या फुटत जातात आणि त्यांना अंत नसतो. मूळ श्लोकात त्यासाठी एक शब्द आहे, 'बहुशाखा'. हा श्लोक मी कितीतरी वेळा वाचला असेल. दर वेळी 'फोकस ठेवा' असा ऑफिसच्या ट्रेनिंगमधला अर्थ काढून पुढच्या श्लोकाकडे गेलो. तो शब्द खऱ्या अर्थाने भेटला या फेब्रुवारीत, परभणीला, आमच्या फाटकाजवळच्या गुलमोहराची छाटणी करताना. त्याच दुपारी वडिलांशी एक वीस वर्षं जुनं बोलणंही झालं. त्यामुळे आज थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. निवृत्त झाल्यावर त्यांनी गंगाखेड रोडच्या बाजूला छोटंसं घर बांधलं आणि फाटकाजवळ गुलमोहराचं रोप लावलं. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, पण आपल्याकडे तो इतका रुळलाय की परका आहे असं सांगावं लागतं. परभणीच्या काळ्या जमिनीत, पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना, अण्णांनी भांडी विसळलेलं पाणी बादलीने घालून ते रोप जगवलं. आता चौथं वर्ष. झाड बारा फूट उंच झालंय, फूल अजून आलेलं नाही. अण्णा रोज सकाळी त्याच्याकडे बघत चहा पितात.

आता मागच्या जूनची गोष्ट. मृगाच्या आधी आपल्याकडे संध्याकाळची वादळं होतात, त्यातल्या एका वादळात आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा जुना, मोठा गुलमोहर मधोमध उभा फाटला. निम्मं झाड रस्त्यावर आडवं. एक स्कूटी दबली. पाचच मिनिटं आधी तिथे पोरं खेळत होती, पावसाचे थेंब आले म्हणून घरात पळाली होती. कोणाला काही झालं नाही, पण त्या रात्री गल्लीत कोणी नीट झोपलं नसावं.

दुसऱ्या दिवशी मी ते झाड जवळून पाहिलं. मला वाटलं होतं की आतून किडलं असेल, पोखरलं असेल. लाकूड तर चांगलं होतं. माणसाच्या उंचीवर त्या झाडाचं बेचकं होतं, तिथून दोन सारख्याच जाडीची खोडं वर गेली होती. फाटलेल्या जागी ताजं पांढरट लाकूड दिसायला हवं होतं, तिथे वरपासून वीतभर खाली काळपट साल दिसत होती. साल झाडाच्या बाहेर असते. ही आत होती, दोन खोडांच्या मध्ये चेंगरलेली.

इंजिनीअर माणूस. वाचल्याशिवाय चैन पडेना. जे कळलं ते असं. फांदी खोडापेक्षा बारीक असेल, साधारण खोडाच्या निम्म्याहून कमी जाडीची, तर दर वर्षी खोडाचं लाकूड फांदीच्या बुडाला वेढून घेतं. एक थर फांदीचा, त्यावर एक थर खोडाचा, असं विणत जातं. म्हणून फांदीच्या बुडाशी एक फुगीर कडं दिसतं. ही पकड एवढी घट्ट असते की वादळात फांदी मध्येच मोडेल, पण बुडातून सहसा निघणार नाही. पण दोन धुमारे एकाच जागेहून, सारख्याच जोमाने, एकमेकांना चिकटून सरळ वर गेले, तर कोण कोणाला वेढणार? दोघांनाही शेंडा व्हायचंय. दोघांची साल मध्ये अडकते, लाकूड लाकडाला भेटतच नाही. पुढे दोघं जाड होतात तसतसे एकमेकांना बाहेर ढकलतात. वरून झाड डेरेदार दिसतं, फुलांनी लाल होतं, आणि आत दर वर्षी ती फट थोडी थोडी खोल जाते. मग एका जूनमध्ये वारा येतो.

हे वाचून मी अण्णांना फोन केला आणि आपल्या झाडाचा फोटो पाठवायला सांगितला. फोटो आला. छातीच्या उंचीवर बेचकं, दोन सारखे धुमारे, अगदी इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे.

छाटणीसाठी फेब्रुवारीपर्यंत थांबलो. पावसाळ्यात ताज्या जखमेला बुरशी लवकर धरते. हिवाळा सरताना झाडाची पानं बरीच झडलेली असतात, फांद्यांची रचना स्पष्ट दिसते, आणि लगेच येणाऱ्या नव्या पालवीबरोबर झाड जखम बंद करायला लागतं. रात्रीच्या रेल्वेने पुण्याहून निघालो, सकाळी परभणीला उतरलो. बॅगेत लॅपटॉपशेजारी सिकेटर आणि छाटणीची करवत होती. आईने विचारलं, "पिशवीत करवत घेऊन कोण येतं रे माहेरी?" मी म्हटलं, "मी काही माहेरवाशीण नाही." ती म्हणाली, "वर्षातून दोनदाच येतोस, मग काय म्हणायचं तुला?"

दुपारी स्टूल लावलं, करवत काढली आणि त्या बेचक्यासमोर उभा राहिलो. तेव्हा पहिली अडचण समजली. कोणती फांदी कापायची? वाळलेली फांदी कापायला विचार लागत नाही. रोगट फांदी कापतानाही हात थांबत नाही. इथे दोन्ही धुमारे निरोगी होते, दोन्ही हिरवे, दोन्ही सरळ. एकानेही काही चूक केलेली नव्हती.

आपल्या साधनेची बरीचशी भाषा वाईट सोडण्याची आहे. राग सोडा, आळस सोडा, निंदा सोडा. ते अवघड आहे, पण त्यात गोंधळ नाही, कारण काय सोडायचं ते माहीत असतं. गोंधळ होतो तो दोन चांगल्या गोष्टी एकाच जागेहून, एकाच उंचीने वर जायला लागतात तेव्हा. आई-वडिलांची सेवा आणि करिअर. संसार आणि साधना. मुलांसाठी वेळ आणि मुलांसाठी पैसा. आपण म्हणतो, दोन्ही वाढू देत, देवाच्या कृपेने दोन्ही चांगलंच चाललंय. कोपऱ्यावरच्या गुलमोहराचंही वीस-पंचवीस वर्षं चांगलंच चाललं होतं.

मी उजवीकडचा धुमारा पकडला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय करायलास रे?"

"छाटणी करतोय, अण्णा. फोनवर सांगितलं होतं ना."

"मला वाटलं वाळलेलं काढशील. हिरवी फांदी काहून तोडायलास? चार वर्षं पाणी घातलंय मी त्याला. अजून एक फूल नाही पाहिलं."

मी सगळं समजावलं. बेचकं, आत अडकलेली साल, कोपऱ्यावरचं झाड. अण्णांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते खरं असेल. पण त्या फांदीनं काय केलंय? झाडाला विचारलंस का?"

प्रश्न साधा होता, पण मला तो लागला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझा पखवाज दिला तेव्हा तुम्ही मला विचारलं होतं का?"

आता हे तुम्हाला सांगायला हवं. आमच्या कॉलनीत भजनी मंडळ होतं. सहावीपासून मी तिथे पखवाज वाजवायचो. गुरुवारी आणि एकादशीला. फार ग्रेट वाजवायचो असं नाही, पण मंडळातले म्हातारे माझ्या येण्याची वाट बघायचे, आणि त्या वयात आपली कोणीतरी वाट बघतं यासारखं सुख नसतं. दहावी संपली, अकरावीला सायन्सला प्रवेश झाला. एके दिवशी क्लासवरून आलो तर कोपऱ्यात पखवाज नव्हता. अण्णांनी तो दुसऱ्या गावच्या मंडळाला देऊन टाकला होता. बोलणं नाही, भांडण नाही. "आता दोन वर्षं अभ्यास," एवढंच. दोन वर्षांनी इंजिनीअरिंग, मग नोकरी, मग पुणे. पखवाज परत हातात आला नाही. मी त्याबद्दल कधी बोललो नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं, विसरलो.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग पायरीवर बसले. म्हणाले, "तुझ्या लक्षात आहे होय ते?" थोड्या वेळाने म्हणाले, "मला तेव्हा भीती होती, बापू. माझ्या भावांचं शेतीत काय झालं ते बघत होतो. तुझ्याकडं बघायचं राहून गेलं. मला नुसतं वादळच दिसत होतं."

मी करवत खाली ठेवली. आईने चहा आणला. त्या दिवशी फांदी कापलीच नाही.

रात्री गच्चीवर पडून विचार करत राहिलो. अण्णांचा प्रश्न आणि माझा प्रश्न एकच होता. जो स्वतःसाठी बोलू शकत नाही, झाड असो की मूल, त्याची जिवंत फांदी कापायचा अधिकार दुसऱ्याला कुठून येतो? 'त्याच्या भल्यासाठी' हे उत्तर पुरत नाही, कारण जगातले बरेच घाव भल्यासाठीच घातले गेलेत. अण्णांनीही भल्यासाठीच केलं होतं. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यांचा हिशोब चुकलाही नाही. ती नोकरी लागली म्हणून हे घर झालं, आईचं ऑपरेशन वेळेवर झालं. मग मला अजून दुखतं का?

उत्तर मला छाटणीच्या नियमांतच सापडलं. अमेरिकेत अ‍ॅलेक्स शिगो नावाचे वनशास्त्रज्ञ होऊन गेले, २००६ साली वारले. त्यांनी हजारो झाडं उभी चिरून आतल्या जुन्या जखमा पाहिल्या. त्यांना दिसलं ते असं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. जखमी झालेलं लाकूड पुन्हा कधीच नवं होत नाही. झाड त्या जागेभोवती आतून भिंती उभ्या करतं, कुजणं तिथल्या तिथे कोंडतं, आणि बाहेरून नवं लाकूड वाढवत जखमेवरून पुढे जातं. जखम आत राहतेच, शेवटपर्यंत. झाड तिला सोबत घेऊन वाढतं.

ती भिंत नीट उभी राहणार की नाही, हे बरंचसं कापणाऱ्याच्या हातात असतं. फांदी बारीक असताना कापली तर जखम लहान, झाड ती एक-दोन वर्षांत झाकून टाकतं. तीच फांदी मांडीएवढी झाल्यावर कापली तर झाकेपर्यंत आत कूज गेलेली असते. दुसरं, कुठे कापता. फांदीच्या बुडाशी जे फुगीर कडं असतं, त्याच्या अगदी बाहेरून कापायचं. जखमेवर चढणारं नवं लाकूड त्या कड्यातूनच येतं. लांब खुंट सोडला तर तो वाळून कुजतो. आणि 'दिसायला साफ' म्हणून कड्यासकट खोडाला लागून कापलं, तर झाडाकडे जखम बंद करायला काही उरतच नाही. तिसरं, किती कापता. एका वर्षात झाडाच्या हिरव्या भागापैकी पाव हिश्श्यापेक्षा जास्त काढू नये, कारण पानांवरच तर ते जगतं.

हे आठवत असताना मला एकदम कळलं की अण्णांनी पखवाज काढला तो खोडाला लागून, कड्यासकट. दोन वर्षं गुरुवार बंद, पण एकादशीला जात जा, एवढं जरी ते म्हणाले असते तरी कडं शिल्लक राहिलं असतं. हे मी रागाने लिहीत नाहीये. त्यांच्या हाती कुऱ्हाडच आली होती, त्यांच्या वडिलांकडून. सिकेटर त्यांना कोणी दाखवलंच नव्हतं.

क्षमेबद्दलही त्या रात्री एक गोष्ट लक्षात आली. मी समजत होतो की क्षमा म्हणजे जखम नाहीशी होणं, आणि ती होत नाही म्हणून मी अजून क्षमा केलेली नाही. झाड तसं करत नाही. जे झालं ते झालेलंच राहतं. पण ते उरलेल्या लाकडात पसरू द्यायचं की नाही, हे रोज ठरवता येतं. एवढी क्षमा मला जमेल असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा स्वतःच म्हणाले, "चल, ते झाडाचं उरकून टाकू. पण मला दाखवून काप."

मग आम्ही दोघांनी मिळून केलं. उजवीकडचा धुमारा बुडातून काढला असता तर जवळजवळ निम्मं झाड गेलं असतं. तसं केलं नाही. तो वरून साधारण अर्ध्यावर आणला, जिथे त्याच्यातूनच एक चांगली बाजूची फांदी बाहेरच्या दिशेने जात होती, तिथे. म्हणजे धुमारा राहिला, पानं राहिली, फक्त त्याची वर जायची धाव थांबली. आता डावीकडचा शेंडा पुढे जाईल, जाड होईल, आणि दोन-तीन वर्षं असंच लक्ष ठेवलं तर हा उजवा त्याच्या मानाने बारीक राहून नुसती एक फांदी होईल. करवत आधी खालून थोडी चालवली, मग वरून, म्हणजे फांदी पडताना सालपट खेचलं जात नाही. एक फांदी आतल्या बाजूला वळून दुसरीवर घासत होती, ती कड्याच्या बाहेरून पूर्ण काढली.

अण्णांना खोडावरच्या खालच्या बारीक काड्याही काढायच्या होत्या, "खोड कसं मोकळं दिसलं पाहिजे." त्या मी ठेवल्या, फक्त थोड्या आखडल्या. त्या काड्या कोवळ्या खोडावर मे महिन्यात सावली धरतात आणि खोडाला जाडी देतात. खोड जाड झालं की एकेक करून काढायच्या. लहान झाड लवकर मोठं दिसावं म्हणून आपण त्या आधीच खरवडून टाकतो, आणि मग खोड काठीसारखं राहतं. अण्णा म्हणाले, "म्हणजे लहान आहे तोवर लहान दिसू द्यायचं." मला माझी सहा वर्षांची मुलगी आठवली, तिचा अबॅकसचा क्लास आठवला, आणि मी काही बोललो नाही.

शेवटी अण्णा जखमेला बोर्डो पेस्ट लावायला निघाले. मोसंबीच्या बागांमध्ये तशी पद्धत आहे, आणि तिथल्या बुरशीच्या रोगांसाठी ती योग्यही आहे. मी म्हटलं, इथे गरज नाही, जागेवर आणि साफ कापलंय, पुढचं झाडाला करू द्या. त्यांना ते फारसं पटलं नाही. पण डबा परत ठेवला.

आता श्लोकाकडे येतो. 'बहुशाखा' हा शब्द वाचला की मला आधी वाटायचं की हा टोला नास्तिकांना, मौजमजा करणाऱ्यांना असेल. पुढचे ४२ ते ४४ हे श्लोक वाचले तर दिसतं की भगवंत तिथे धार्मिक माणसांबद्दल बोलतायत. भोग मिळावेत, ऐश्वर्य मिळावं, स्वर्ग मिळावा म्हणून नाना कर्मकांडांत रमलेल्यांबद्दल. म्हणजे फांद्या धर्माच्याही असू शकतात.

मी माझ्याकडे बघितलं. जपाचं अ‍ॅप, त्यात सलग दिवसांचा आकडा तुटू नये म्हणून रात्री बारा वाजून पाच कमी असताना उरकलेली माळ. सत्संगाचे तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. गीतेचा ऑनलाइन कोर्स, निम्म्यात सोडलेला. आषाढीला एक दिवस वारीत चालणं आणि त्याचे चाळीस फोटो. शिवाय ऑफिस, शिवाय घराचे हप्ते, शिवाय मुलीचे क्लास. यातलं काहीही वाईट नाही. पण सगळ्यांनाच शेंडा व्हायचंय. गिट वापरणारे मित्र समजतील, हव्या तेवढ्या ब्रँच काढा, पण 'मेन' दोन झाले की कोणता कोड खरा हे कोणालाच सांगता येत नाही.

मग उपाय काय? नोकरी सोडायची? संसार सोडायचा? इथे मला परभणी जिल्ह्याच्याच एका मोठ्या बाईची आठवण येते. गंगाखेडच्या संत जनाबाई. गोदाकाठच्या या गावात त्यांचा जन्म, आणि परंपरा सांगते की लहानपणीच त्या पंढरपूरला दामाशेटींच्या घरी, म्हणजे नामदेवांच्या घरी, कामाला राहिल्या. दळण, कांडण, झाडलोट, पाणी, शेण-गोवऱ्या. त्यांनी यातलं एक काम सोडल्याचं कोणी सांगत नाही. सोडायची सोयच नव्हती, दासीच होत्या त्या. पण त्यांचे अभंग वाचताना स्पष्ट जाणवतं की शेंडा एकच आहे, विठ्ठल, आणि दळण-कांडण या त्याच्या फांद्या आहेत. म्हणून तर जात्यावरही त्यांना विठ्ठल भेटला. काम बुडातून काढावं लागलं नाही. ते फक्त आपल्या जागी होतं.

तुम्ही विचाराल, मग पंधराव्या अध्यायाचं काय? तिथेही झाड आहे, वर मुळं आणि खाली फांद्या असलेला अश्वत्थ, आणि तो अनासक्तीच्या शस्त्राने तोडायला सांगितलाय. छाटायला नाही, तोडायला. मला समजतं ते असं, आणि चुकत असेन तर जाणकारांनी सुधारावं. तिथे तोडायचं आहे ते या संसारालाच आपलं मूळ समजणं. ते काम ज्याचं त्यानेच, स्वतःवर करायचं आहे. अनासक्तीचं शस्त्र दुसऱ्यावर चालवता येत नाही. मुलावर, बायकोवर, हाताखालच्या ज्युनिअरवर ते उचललं की ते अनासक्तीचं उरत नाही, ते आपल्या भीतीचं किंवा आपल्या आवडीचं होतं. दुसऱ्याच्या बाबतीत आपल्या हाती फार तर सिकेटर आहे.

आणि ते चालवायच्या आधी मी आता स्वतःला काही गोष्टी विचारतो. हे मी झाडाच्या वादळासाठी करतोय की माझ्या डोळ्यांना बरं दिसावं म्हणून? फांदी अजून लहान आहे का, की मी उशीर करून आता घाई करतोय? पूर्ण काढण्याऐवजी थोडी आखडून चालेल का? कडं शिल्लक राहतंय का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढची पाच वर्षं मी पाणी घालायला इथे असणार आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर करवत खाली ठेवलेली बरी. अण्णांना तो अधिकार होता असं मला आता वाटतं, कारण ते राहिले. चार वर्षं बादलीने पाणी घालणारा माणूस माझ्याही मुळाशी पाणी घालतच होता. चुकलं ते कापण्याच्या जागेत.

पुण्याला परतल्यावर मी काही मोठं केलं नाही. दोन ग्रुप सोडले. अ‍ॅप काढलं, माळ ठेवली. मुलीला विचारलं, कोणता क्लास आवडतो. ती म्हणाली, "एकही नाही, पण मला ढोलकी पाहिजे." सध्या विचार चालू आहे, म्हणजे बायकोचा, माझा झालाय.

एप्रिलमध्ये अण्णांचा फोन आला. नवी पालवी छान आलीय, पण तुझ्या त्या आखडलेल्या फांदीने दोन नवे फुटवे काढलेत आणि ते पुन्हा सरळ वरच निघालेत. मी म्हटलं, असंच होतं, पुढच्या फेब्रुवारीत परत बघू. एकदा निश्चय केला की बुद्धी कायमची एक झाली, असं माझ्या तरी बाबतीत घडलेलं नाही. तोडलेल्या टोकाजवळचे डोळे जागे होतात आणि तिथूनच पुन्हा फुटतात. दर वर्षी स्टूल लावावं लागतं.

फोन ठेवता ठेवता अण्णा म्हणाले, "एक विचारू का? कॉलनीच्या मंडळात पखवाजाला सध्या माणूस नाही. येत्या एकादशीला येतोस का?"

मी म्हटलं, अण्णा, हात विसरले असतील आता.

ते म्हणाले, "विसरू दे. म्हातारे वाट बघायलेत."

अजून गेलेलो नाही. तिकीट काढलंय.

आज झोपण्याआधी पाच मिनिटं बसा. तुमच्या झाडाला शेंडे किती आहेत ते फक्त मोजा. कापायची घाई करू नका. उद्या ४२ ते ४४ श्लोक नीट वाचू.

राम कृष्ण हरी.